घरी बांधलेला लॅप टायमर: ईएसपी३२, आरएक्स५८०८ आणि पत्र्याचा डबा

ड्रोन रेसिंगचा सराव करणाऱ्या बहुतेक गटांची सुरुवात मोबाइलमधल्या स्टॉपवॉचपासून होते. एक जण गेटपाशी उभा राहतो, ड्रोन गेटमधून गेला की बटण दाबतो आणि आकडा ओरडून सांगतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारा ड्रोन सेकंदाला सुमारे २८ मीटर अंतर कापतो, त्यामुळे बटण दाबणाऱ्याच्या हाताला ०.२ सेकंदाचा उशीर झाला तरी ड्रोन तोवर साडेपाच मीटर पुढे गेलेला असतो. शिवाय हा उशीर दर फेरीला सारखा नसतो. वळण थोडे आतून घेतल्याने फेरी ०.१ सेकंदाने सुधारली की नाही, हे अशा मोजणीतून कधीच कळत नाही, आणि सराव तर याच ०.१ सेकंदासाठी चाललेला असतो.

या लेखात एका पायलटसाठी, म्हणजे एका चॅनेलचा टायमर बांधण्याची पद्धत दिली आहे. ती ड्रोनवरून पायलटच्या गॉगलमध्ये चित्र पाठवणाऱ्या ५.८ गिगाहर्ट्झच्या अ‍ॅनालॉग व्हिडिओ ट्रान्समीटरसाठी आहे. डिजिटल प्रणालींचा सिग्नल जास्त रुंद पट्ट्यात पसरतो आणि त्यांचे वागणे वेगळे असते, म्हणून त्यांचा विचार येथे केलेला नाही.

टायमर नेमके काय मोजतो

ड्रोनवरचा व्हिडिओ ट्रान्समीटर उड्डाणभर एका ठरावीक वारंवारतेवर प्रक्षेपण करत असतो. गेटजवळ त्याच वारंवारतेवर लावलेला एक रिसीव्हर ठेवला, तर ड्रोन जवळ येताना त्या रिसीव्हरला मिळणाऱ्या सिग्नलचा जोर वाढत जातो, ड्रोन अगदी समोर आला की तो शिखरावर पोहोचतो आणि दूर जाताना उतरतो. या जोराला आरएसएसआय म्हणतात. त्याचा आलेख काढला तर प्रत्येक फेरीला एक टेकडी दिसते. टायमरचे सारे काम म्हणजे ही टेकडी ओळखणे आणि तिच्या माथ्याची वेळ नोंदवणे.

माथ्याची वेळ का, हे सुरुवातीलाच समजून घेणे महत्त्वाचे आहे, कारण घरी लिहिलेल्या अनेक टायमरांत हीच चूक राहते. सिग्नल एका ठरावीक पातळीवर गेला की लगेच वेळ नोंदवायची, ही पद्धत सोपी वाटते. पण समजा, ती पातळी ड्रोन ४ मीटरवर आल्यावर गाठली जाते. पायलट रिसीव्हरपासून १ मीटर अंतराच्या रेषेतून गेला, तर गेटच्या ३.८७ मीटर आधीच नोंद होईल, आणि पुढच्या फेरीत तो २.५ मीटर अंतराच्या रेषेतून गेला, तर ३.१२ मीटर आधी होईल. दोन्ही फेऱ्या अगदी सारख्या असल्या तरी टायमर सुमारे २७ मिलिसेकंदांचा फरक दाखवेल. रेषा जवळची असो वा लांबची, टेकडीचा माथा मात्र ड्रोन रिसीव्हरच्या बरोबर समोर असतानाच येतो. रेषा बदलल्याने माथ्याची उंची बदलते, पण वेळ बदलत नाही.

घड्याळाची चिंता करण्याचे कारण नाही. ईएसपी३२ या वायफाय असलेल्या छोट्या कंट्रोलर बोर्डावरील स्फटिकात २० पीपीएमची, म्हणजे दहा लाखांत २० भागांची, चूक धरली तरी ती मिनिटाला १.२ मिलिसेकंद एवढीच होते. म्हणून पुढची सारी मेहनत ही टेकडी एकसंध, अरुंद आणि स्पष्ट मिळावी यासाठी करायची आहे.

सामान

एक ईएसपी३२ डेव्हलपमेंट बोर्ड, एक आरएक्स५८०८ रिसीव्हर मॉड्यूल, ४७० मायक्रोफॅरडचा एक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, १०० नॅनोफॅरडचे दोन सिरॅमिक कपॅसिटर, एक एलईडी व तिच्यासाठी ३३० ओहमचा रेझिस्टर, एक छोटा बझर, यूएसबी पॉवर बँक, थोडी तार आणि एका बाजूने उघडा असलेला पत्र्याचा डबा एवढे सामान लागते. यांतले बहुतेक सुटे भाग पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हातात घेऊन, पाहून घेता येतात. आरएक्स५८०८ मात्र बहुधा ऑनलाइनच मागवावे लागते. ते मागवताना वर्णनात एसपीआयची, म्हणजे तारांवरून बिटांचा संदेश पाठवून मॉड्यूलला आज्ञा देण्याची, सोय असल्याचा उल्लेख आहे का, हे नक्की पाहा.

या मॉड्यूलचा चॅनेल दोन प्रकारे बदलता येतो. एका प्रकारात तीन पिनांवर सरळ उच्च किंवा नीच व्होल्टेज देऊन ठरावीक चॅनेल निवडला जातो, तर दुसऱ्या प्रकारात त्याच तीन पिनांवरून एसपीआय पद्धतीने हवी ती वारंवारता सांगता येते. आपल्याला दुसरा प्रकार हवा आहे. काही जुन्या मॉड्यूलांत तो बंद केलेला असतो आणि तो सुरू करण्यासाठी वरचे धातूचे झाकण उचलून आतला एक सूक्ष्म रेझिस्टर काढावा लागतो. हात बसलेला नसेल तर यात मॉड्यूल जाण्याची शक्यता असते, म्हणून एसपीआय आधीच सुरू असलेले मॉड्यूल घेणे शहाणपणाचे आहे.

जोडणी

मॉड्यूलच्या ५ व्होल्टच्या पिनला बोर्डावरील ५ व्होल्ट आणि ग्राउंडला ग्राउंड जोडावे. मॉड्यूलचा सीएच१ हा डेटा पिन बोर्डाच्या जीपीआयओ १९ या पिनला, सीएच२ हा सिलेक्ट पिन जीपीआयओ २२ ला आणि सीएच३ हा क्लॉक पिन जीपीआयओ २३ ला जोडावा. आरएसएसआयचा पिन जीपीआयओ ३३ ला जातो. एलईडी जीपीआयओ २१ वर आणि बझर जीपीआयओ २७ वर घ्यावा. ईएसपी३२ स्वतः ३.३ व्होल्टवर चालत असल्याने एसपीआयच्या तारांना मध्ये काही लावावे लागत नाही. फोबॉस-एलटी या लॅप टायमरच्या खुल्या प्रकल्पात वापरलेले पिनच मी मुद्दाम ठेवले आहेत, म्हणजे स्वतः कोड लिहायचा नसेल तर ते तयार फर्मवेअर याच जोडणीवर चढवता येईल. चढवण्यापूर्वी त्याच्या कोडमधली पिनांची यादी एकदा ताडून पाहा.

आरएसएसआयसाठी पिन निवडताना मनाने बदल करू नका. ईएसपी३२ मध्ये अ‍ॅनालॉग वाचनाचे दोन विभाग आहेत आणि त्यांतला दुसरा विभाग वायफाय चालू असताना वापरता येत नाही. माझ्या पहिल्या टायमरमध्ये तार सोयीची पडते म्हणून मी जीपीआयओ २५ घेतला होता. टेबलावर वायफाय बंद असताना आकडे सुरेख येत होते. वेबपेज जोडले त्या संध्याकाळी वाचन थांबले आणि मी दोन दिवस मॉड्यूल बिघडले असे समजून सोल्डर तपासत बसलो. जीपीआयओ ३२ ते ३९ हे पिन पहिल्या विभागातले आहेत, त्यांपैकीच एक घ्यावा.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर ५ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यामध्ये, मॉड्यूलच्या शक्य तितक्या जवळ लावावा, कारण वायफायचे प्रक्षेपण सुरू होताना बोर्ड क्षणभर मोठा प्रवाह ओढतो आणि त्याचे धक्के आरएसएसआयच्या वाचनात उमटतात. पहिला सिरॅमिक कपॅसिटर त्याच्याच शेजारी, तर दुसरा जीपीआयओ ३३ आणि ग्राउंड यांच्यामध्ये लावावा. आरएसएसआयची तार ५ ते ६ सेंटीमीटरपेक्षा लांब ठेवू नये.

अँटेनाच्या जागी १३ मिलिमीटर लांबीची सरळ तार सोल्डर करावी. ५.८ गिगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ५२ मिलिमीटर असते आणि ही तार तिच्या चतुर्थांशाएवढी आहे. याहून ताकदवान अँटेना लावण्याचा मोह टाळावा. आपल्याला दूरचे ऐकायचे नसून फक्त गेटजवळचे ऐकायचे आहे.

वारंवारता सांगणे

मॉड्यूलमधील आरटीसी६७१५ ही चिप २५ बिटांचा संदेश घेते. त्यात ४ बिट पत्त्याचे, १ बिट लिहायचे की वाचायचे हे सांगणारा आणि २० बिट माहितीचे असतात, आणि प्रत्येक भागातला सर्वांत लहान किमतीचा बिट आधी पाठवायचा असतो. वारंवारतेसाठी पत्ता १ आहे. पाठवायचा आकडा असा काढतात: मेगाहर्ट्झमधल्या वारंवारतेतून ४७९ वजा करून २ ने भागावे आणि अपूर्णांक सोडून द्यावा. आलेल्या संख्येला ३२ ने भागून भागाकार आणि बाकी काढावी. भागाकाराला १२८ ने गुणून त्यात बाकी मिळवावी. रेसबँड या ड्रोन रेसिंगमधल्या आठ चॅनेलांच्या संचाचा पहिला चॅनेल ५६५८ मेगाहर्ट्झ आहे. त्यातून ४७९ गेले की ५१७९ उरतात आणि त्याचे निम्मे २५८९ होतात. ३२ ने भागल्यावर भागाकार ८० व बाकी २९ येते, आणि पाठवायचा आकडा १०२६९ मिळतो.

वारंवारता बदलल्यावर आरएसएसआय स्थिर व्हायला सुमारे ३५ मिलिसेकंद लागतात. एकच मॉड्यूल चार चॅनेलांवर आलटून पालटून फिरवून चार पायलट मोजता येतील, अशी कल्पना अनेकांना सुचते. पण चार चॅनेलांची एक फेरी १४० मिलिसेकंदांची होते आणि तेवढ्यात ड्रोन जवळपास ४ मीटर सरकलेला असतो, म्हणजे टेकडीचा माथा हमखास निसटतो. दर पायलटला स्वतंत्र मॉड्यूल लागते ते यामुळेच.

वाचन आणि नोंद

आरएसएसआयचे व्होल्टेज साधारण अर्धा व्होल्ट ते सव्वा व्होल्ट या टप्प्यात फिरते. म्हणून अ‍ॅनालॉग वाचनाचे अ‍ॅटेन्युएशन ६ डेसिबलवर ठेवावे. त्यात सुमारे १.७५ व्होल्टपर्यंतचे मोजमाप नीट मिळते. कच्चा आकडा घेण्यापेक्षा कॅलिब्रेट केलेले मिलिव्होल्ट देणारे फंक्शन वापरावे, म्हणजे एका बोर्डवर ठरवलेल्या पातळ्या दुसऱ्या बोर्डवरही जवळपास लागू पडतात.

दर मिलिसेकंदाला एक वाचन घ्यावे. हे काम प्रोसेसरच्या एका कोअरवर आणि वायफाय व वेबपेज दुसऱ्या कोअरवर ठेवावे, नाहीतर कोणी पेज ताजे केले की वाचनात खंड पडतो. वाचनातली थरथर कमी करण्यासाठी साधा फिल्टर पुरतो: नवे वाचन आणि आधीची गाळलेली किंमत यांतल्या फरकाचा आठवा भाग आधीच्या किमतीत मिळवत जावे. यामुळे सुमारे ८ मिलिसेकंदांचा विलंब येतो. त्याची काळजी करू नये. तो दर फेरीला जवळपास सारखाच असल्याने दोन नोंदींच्या वजाबाकीत निघून जातो.

नोंदीचा तर्क दोन पातळ्यांवर चालतो. गाळलेली किंमत प्रवेश-पातळीच्या वर गेली की ड्रोन गेटच्या परिसरात आला असे समजायचे आणि तेव्हापासून सर्वांत मोठी किंमत व तिची वेळ लक्षात ठेवत जायचे. किंमत निर्गम-पातळीच्या खाली उतरली की परिसर सुटला असे धरून लक्षात ठेवलेली माथ्याची वेळ फेरीची वेळ म्हणून नोंदवायची. माथा सपाट आला, म्हणजे तीच सर्वोच्च किंमत काही काळ टिकली, तर तिच्या पहिल्या आणि शेवटच्या क्षणाचा मध्य घ्यावा. याला किमान फेरीवेळेची अट जोडावी. उत्तम फेरी १८ सेकंदांची असेल तर १० सेकंदांच्या आत आलेली दुसरी नोंद टाकून द्यावी.

निकाल पाहण्यासाठी बोर्डालाच वायफायचे केंद्र करून त्यावर एक साधे पेज ठेवावे. फेऱ्यांच्या यादीपेक्षाही त्या पेजवर आरएसएसआयचा चालता आलेख असणे अत्यावश्यक आहे. तो नसेल तर टायमर चुकला की का चुकला हे कळण्याचा मार्गच उरत नाही. फोनमध्ये मराठी आवाज बसवलेला असेल तर ब्राउझरकरवी फेरीची वेळ मराठीतून बोलूनही घेता येते. डोळ्यांवर गॉगल असलेल्या पायलटला त्याचा फार उपयोग होतो.

टेबलावरची तपासणी

ड्रोनची पाती काढूनच ही तपासणी करावी. व्हिडिओ ट्रान्समीटर अँटेनाशिवाय कधीही चालू करू नये, आणि एका जागी उभा असताना तो लवकर तापतो, म्हणून समोर पंखा ठेवावा. ट्रान्समीटर २५ मिलिवॅटवर आणि टायमरच्याच चॅनेलवर लावून ड्रोन हळूहळू जवळ आणावा, म्हणजे आलेख चढताना दिसेल. मग ड्रोन न हलवता टायमरचा चॅनेल ५६५८ वरून ५८०६ वर न्यावा. आलेख धपकन खाली आला तर एसपीआय चालू आहे. काहीच बदल झाला नाही, तर मॉड्यूल आज्ञा ऐकतच नाही, आणि तेव्हा तारा किंवा तो आतला रेझिस्टर तपासावा लागेल.

डबा आणि जागा

टायमर मैदानावर उघडाच ठेवला तर गेटमागच्या सरळ पट्ट्यातून जाणारा ड्रोनही त्याला जवळचा वाटतो. एक बाजू कापलेला तेलाचा चौकोनी डबा यावर उत्तम उपाय ठरतो. कापलेली कड कानशीने घासून तिच्यावर चिकटपट्टी लावावी, कारण ती सुरीसारखी लागते. मॉड्यूल डब्याच्या तळाशी फोमवर बसवावे आणि उघडे तोंड गेटकडे करावे. पत्रा मागून व बाजूंनी येणारा सिग्नल बराच अडवतो. बोर्डाचे वायफाय उघड्या तोंडातून बाहेर येते, पण फोन डब्याच्या मागे धरला तर ते तुटू शकते.

डबा गेटच्या बाजूला, गेटच्याच प्रतलात आणि उघडीच्या मध्याच्या उंचीवर ठेवावा. अंतराचा परिणाम मोठा असतो. उड्डाणरेषा १ मीटरवर असेल तर ड्रोन माथ्याच्या १ मीटर अलीकडे-पलीकडे गेल्यावर सिग्नलची शक्ती निम्मी होते, म्हणजे ताशी १०० किलोमीटर वेगाला टेकडीचा वरचा भाग सुमारे ७२ मिलिसेकंद रुंद असतो. हेच अंतर ३ मीटर केले तर रुंदी २१६ मिलिसेकंदांवर जाते आणि माथा पसरट होतो. फार जवळ ठेवले तर मात्र मॉड्यूल संपृक्त होऊन माथा कापल्यासारखा दिसतो. डबा गेटच्या खांबापासून एखाद्या मीटरवर ठेवून सुरुवात करावी आणि आलेख पाहून पुढे-मागे करावे.

अँटेनाची तार उभी असावी. तारेच्या टोकाच्या दिशेने तिला जवळपास काहीच ऐकू येत नाही. डबा गेटखाली जमिनीवर आकाशाकडे तोंड करून ठेवला आणि तार उभीच राहिली, तर ड्रोन बरोबर डोक्यावर असताना सिग्नल पडतो आणि एका टेकडीऐवजी मध्ये दरी असलेल्या दोन टेकड्या उमटतात. मग टायमर कधी पहिला माथा धरतो, कधी दुसरा. आमच्या आलेखात ही दरी पहिल्यांदा दिसली तेव्हा आम्ही फिल्टर वाढवून ती बुजवली आणि फेऱ्या तरीही वेड्यावाकड्या येत राहिल्या. तार आडवी करून तिचे टोक उड्डाणाच्या दिशेला वळवल्यावर दरी नाहीशी झाली. टेकडी बिघडली की आधी जागा आणि तार पाहावी, कोडला हात नंतर लावावा.

पातळ्या ठरवणे

मॉड्यूल तापेपर्यंत त्याचे वाचन सरकत असते, म्हणून टायमर चालू करून ५ मिनिटे थांबावे. त्यानंतर पायलटने पूर्ण ट्रॅकवर, नेहमीच्याच वेगाने तीन-चार फेऱ्या माराव्यात आणि दुसऱ्याने आलेख पाहावा. आमच्या ट्रॅकवर ड्रोन दूर असताना ५२० मिलिव्होल्ट, शेजारच्या सरळ पट्ट्यातून जाताना जास्तीत जास्त ७६० आणि गेटमधून जाताना ९९० ते १०८० असे आकडे मिळाले. प्रवेश-पातळी सर्वांत ठेंगण्या माथ्याच्या खाली, पण ट्रॅकवरील इतर कोणत्याही जागेच्या वाचनापेक्षा वर हवी. आम्ही ती ९२० ठेवली. निर्गम-पातळी माथ्याजवळच्या लहान खळग्यांच्या खाली, पण शेजारच्या पट्ट्यातल्या वाचनाच्या वर असावी. ती ८२० ठेवली. या दोन्हींमध्ये पुरेसे अंतर नसेल तर एकाच टेकडीच्या दोन नोंदी होतात. शेजारचा पट्टा आणि गेट यांच्या वाचनात १०० मिलिव्होल्टचाही फरक मिळत नसेल, तर पातळ्यांशी झटापट न करता डब्याचे तोंड फिरवावे किंवा गेट हलवावे.

मैदान बदलले, अँटेना बदलली किंवा ट्रान्समीटरची शक्ती २५ वरून २०० मिलिवॅटवर नेली की पातळ्या नव्याने ठरवाव्या लागतात.

खात्री

टायमर बरोबर आहे हे गृहीत धरू नये. फोन तिपाईवर गेटच्या प्रतलात ठेवून २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये सलग दोन-तीन फेऱ्यांचे चित्रण करावे आणि ड्रोन गेट ओलांडतो त्या फ्रेम मोजाव्यात. दर फ्रेम ४.२ मिलिसेकंदांची असते आणि तेवढ्यात ड्रोन सुमारे १२ सेंटीमीटर सरकतो. चित्रणातली फेरी आणि टायमरची फेरी यांत २० मिलिसेकंदांच्या आतला फरक असेल तर बांधणी चांगली झाली असे मानावे. फरक मोठा पण दर वेळी एकाच दिशेने असेल तर फ्रेम मोजण्यात चूक असण्याची शक्यता जास्त. तो दोन्ही बाजूंना उड्या मारत असेल तर माथा पसरट किंवा दुभंगलेला आहे. उड्डाणाआधीच चाचणी घ्यायची असेल तर ड्रोन पाती काढून सायकलच्या हँडलला बांधावा आणि डब्यासमोरून फेऱ्या माराव्यात. चालण्यापेक्षा सायकलचा वेग सारखा राहतो आणि वाऱ्याने ट्रान्समीटरही थंड राहतो.

एकाहून अधिक पायलट

चार पायलटांसाठी चार मॉड्यूल आणि चार बोर्ड लागतात. इथून पुढे रोटरहॅझर्ड या खुल्या प्रणालीकडे वळणे सोयीचे पडते. ती रास्पबेरी पायवर चालते आणि आठ मॉड्यूलांपर्यंतची मोजणी, हीट (गटवार शर्यती) व निकाल सांभाळते.

चॅनेल मात्र आपल्यालाच विचारपूर्वक निवडावे लागतात. समान अंतरावरचे चॅनेल घेतले की सगळे ठीक, असे वाटते. पण दोन ट्रान्समीटर जवळ आले की त्यांच्या मिश्रणातून नव्या वारंवारता तयार होतात: एकीच्या दुपटीतून दुसरी वजा केली की त्या मिळतात. रेसबँडचे ५६५८, ५७३२ आणि ५८०६ घेतले, तर ५७३२ च्या दुपटीतून ५६५८ वजा करून बरोबर ५८०६ येतात, म्हणजे पहिले दोन ड्रोन मिळून तिसऱ्याच्या चॅनेलवर गोंगाट करतात आणि त्याच्या आलेखात गेटपाशी नसतानाही खोटी टेकडी उभी राहते. ५६५८, ५६९५, ५७६० आणि ५८०० ही चौकडी घ्यावी. कोणत्याही जोडीचे गणित केले तरी असे मिश्रण या चारांपासून किमान २५ मेगाहर्ट्झ दूर पडते. आपल्याकडे या चौकडीला आणखी एक कारण आहे. भारतात २०१८ च्या नियमांनी परवानामुक्त केलेला ५ गिगाहर्ट्झचा पट्टा ५८७५ मेगाहर्ट्झला संपतो, त्यामुळे रेसबँडचे शेवटचे दोन चॅनेल, ५८८० आणि ५९१७, त्याच्या बाहेर राहतात.

उड्डाण चालू असताना इतर कोणीही आपल्या ड्रोनला बॅटरी लावू नये, हा नियम मैदानावर पहिल्याच दिवशी घालून द्यावा. काही ट्रान्समीटर चालू होताना क्षणभर भलत्याच वारंवारतेवर किंवा जास्त शक्तीवर प्रक्षेपण करतात, आणि त्या एका क्षणाने हवेतल्या पायलटचे चित्रही जाते आणि फेरीची नोंदही बिघडते.